बोआ घरी आणण्याआधी: पेटीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोआ म्हणजे भक्ष्याला वेटोळ्यात आवळून मारणारा मोठा, बिनविषारी साप. नवा बोआ घेतलेल्या माणसाचे प्रश्न बहुतेक सापाबद्दल असतात. खात नाही, फुस्कारतो, कात तुकड्यातुकड्यांनी निघते, रात्रभर काचेवर नाक घासतो. उत्तरं मात्र सापापेक्षा पेटीत जास्त सापडतात. उन्हात जायचं की सावलीत, ओलीत बसायचं की कोरड्यात, हे रानातला साप स्वतः ठरवतो. पेटीत आपण जेवढं ठेवलं तेवढंच त्याचं जग. खालचे प्रश्न त्या जगाबद्दल आहेत.

आधी साप आणू की आधी पेटी?

आधी पेटी. ती सगळं सामान घालून, दिवे लावून, किमान एक आठवडा रिकामी चालवून बघा. दिवसा, संध्याकाळी आणि पहाटे तापमान लिहून ठेवा. माझ्या पहिल्या पेटीत दुपारी दिव्याखालचा दगड ४१ अंश सेल्सिअसवर गेला होता आणि पहाटे थंड कोपरा १९ वर उतरला होता. दिवा वर-खाली करत, झरोके अर्धे बुजवत सहा दिवस गेले. त्या सहा दिवसांत आत साप असता तर हे सगळे प्रयोग त्याच्या अंगावर झाले असते. शिवाय नव्या पेटीला रंगाचा, व्हार्निशचा, सिलिकॉनचा वास असतो. तो पूर्ण उडायलाही वेळ लागतो.

माझा बोआ नेमका कोणता? त्याने पेटीत काय फरक पडतो?

आकाराचा फरक पडतो. पाळलेल्या बोआंपैकी बहुतेक 'बोआ इम्पेरेटर' असतात. ही मूळची मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कोलंबियाकडची जात. 'बोआ कन्स्ट्रिक्टर' म्हणजे दक्षिण अमेरिकेतला, लाल शेपटीसाठी प्रसिद्ध असलेला आणि अंगाने जास्त भरणारा. इम्पेरेटरची मादी साधारण ६ ते ८ फुटांची होते आणि नर त्याहून लहान राहतो. कन्स्ट्रिक्टरची मादी ८-९ फूट सहज गाठते, क्वचित १० फुटांपर्यंत जाते. काही बेटांवरचे बोआ, उदाहरणार्थ होंडुरासजवळच्या हॉग आयलंडचे, एवढे वाढत नाहीत.

म्हणून विकत घेताना जात, नर की मादी आणि आईबापांची लांबी, हे तिन्ही विचारा. विकणाऱ्याला यातलं काहीच सांगता येत नसेल, तर 'हा लहानच राहतो' हे त्याचं वाक्यही मनावर घेऊ नका. बोआची मादी अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते. जन्मतः ती दीड फुटाच्या आसपास असतात, आणि तेवढ्याशा पिल्लाकडे बघून मोठ्या पेटीची कल्पना येत नाही. बोआ २० ते ३० वर्षं जगतो, काही ४० पर्यंतही गेले आहेत. घर बदलेल, नोकरी बदलेल, तेव्हाही ही पेटी तुमच्याबरोबर असणार आहे.

पूर्ण वाढलेल्या बोआला किती मोठी पेटी लागते?

६ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच. ही सहा फुटांच्या आसपासच्या बोआसाठी किमान जागा समजा. पूर्वी असं सांगत की पेटीची लांबी आणि रुंदी मिळून सापाएवढी झाली की पुरे. त्या हिशोबात साप मावतो, पण त्याला सरळ होता येत नाही. सापाला एका बाजूला तरी पूर्ण ताणून पडता यावं, हा निकष मला पटतो. मोठ्या मादीसाठी त्यामुळे ८ फूट लांब आणि ३ फूट रुंद पेटीचाच विचार करावा.

'साप तर वेटोळं घालून एका जागी बसतो, त्याला एवढी जागा कशाला?' हे मी असंख्य वेळा ऐकलं आहे. लहान पेटीत तो वेटोळंच घालणार, दुसरं काय करणार? मोठ्या पेटीत ठेवलेला बोआ रात्री फांद्यांवर चढतो, उतरतो, कोपरे हुंगत फिरतो, पहाटे सरळ काठीसारखा पडलेला सापडतो. अंग ताणलं की आतड्यांनाही काम सोपं जातं. आणि बोआच्या अंगावर चरबी फार लवकर चढते, त्याला फिरायला जागा हवीच.

उंची २ फुटांहून जास्त देता आली तर द्या. लहानपणी बोआ बराच वेळ झाडावर असतो. वय आणि वजन वाढलं की जमिनीवर येतो, पण चढणं पूर्ण सोडत नाही.

पिल्लू मोठ्या पेटीत घाबरतं, खाणं सोडतं असं म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. पिल्लू आकाराला घाबरत नाही, उघडेपणाला घाबरतं. चार फुटांच्या पेटीत एक वाटी आणि एक लपण ठेवलंत तर ते मैदानात सोडल्यासारखं होईल. त्याच पेटीत पाचोळा, सालींचे तुकडे, वेली, फांद्या खचाखच भरल्यात तर ते मजेत राहील. तरी पहिल्या वर्षी २ ते ३ फुटांची पेटी सोयीची पडते, कारण पिल्लू दिसतं, त्याची शी दिसते, खाल्लं की नाही ते कळतं. पुढे साप चार-साडेचार फुटांचा होईपर्यंत ४ बाय २ बाय २ फुटांची पेटी चालते.

काचेची, लाकडी की पीव्हीसीची?

मी पीव्हीसीच्या बाजूने आहे. हलकी असते, ऊब धरून ठेवते आणि पाण्याने कुजत नाही. काचेची टाकी दिसायला छान, पण ऊब आणि ओल दोन्ही तिच्यातून निसटतात. त्यात वर पूर्ण जाळी असेल तर फवारलेलं पाणी तासाभरात उडून जातं. काचेचीच हातात असेल तर जाळीचा बराचसा भाग झाका आणि तीन बाजूंना बाहेरून फोम किंवा पुठ्ठा लावा. चारही बाजूंनी उघडं असणं सापालाही नकोच असतं.

लाकडाची पेटी घरी बनवता येते, ऊबही चांगली धरते. फक्त आतून पाण्यात टिकणाऱ्या वॉटरप्रूफ व्हार्निशचे तीन-चार हात द्या, सांधे मत्स्यालयाच्या सिलिकॉनने बुजवा आणि वास जाईपर्यंत काही आठवडे उघडी ठेवा. देवदारासारखं उग्र वासाचं लाकूड नको.

दार पुढून असावं की वरून?

पुढून. रानात वरून झडप घालतो तो शत्रू. वरून हात आत गेला की शांत बोआही दचकतो. सरकत्या काचा असतील तर त्यांना काचेच्या दारांसाठीचं कुलूप लावा.

पेटीत ऊब किती हवी?

एकच आकडा सांगता येत नाही, आणि तसा तो नसावाच. पेटीचं एक टोक उबदार आणि दुसरं थंड हवं, म्हणजे साप मधली कुठलीही जागा निवडू शकतो. उबदार टोकाला शेकण्याच्या जागेचा पृष्ठभाग ३२ ते ३४ अंश, त्याच बाजूची हवा २९ ते ३१ आणि थंड टोक २४ ते २६. रात्री २२-२३ पर्यंत उतरलं तर निरोगी साप सहन करतो. बोआ स्वतःची उष्णता तयार करत नाही. खाल्लेलं पचवायला त्याला बाहेरची ऊब लागते, ती नसेल तर तो शिकार ओकून टाकतो. उलट पूर्ण पेटीच ३४ अंशांवर गेली तर त्याला पळायला जागा राहत नाही. थंडी साप काही दिवस काढतो. जास्त उष्णतेत मात्र काही तासांत मरतो.

ऊब देण्यासाठी काय वापरू?

दिवसा वरून हॅलोजनचा दिवा. उन्हासारखी ऊब वरून येते आणि अंगात थोडी खोलवर जाते. रात्री खोली फार गार होत असेल तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर किंवा पेटीच्या छताला लावायचं रेडिएंट हीट पॅनल. मोठ्या बोआसाठी पॅनल उत्तम, कारण त्याच्यावर गुंडाळायला काही नसतं.

पेटीत असलेल्या प्रत्येक दिव्याला आणि सिरॅमिक हीटरला तारेचा पिंजरा हवाच. साप गरम वस्तूला चिकटून बसतो आणि कातडी भाजेपर्यंत हलत नाही. मांजर जसं पाय झटकून मागे सरतं, तसं तो करत नाही.

खालून लावायची हीट मॅट पिल्लाला चालते. पण जाड अंथरुणातून तिची ऊब वर येत नाही, आणि भारदस्त साप अंथरूण उकरून थेट तिच्यावर बसला की त्याच्या वजनाखाली उष्णता कोंडते आणि पोट भाजतं. 'हॉट रॉक' नावाचे विजेचे गरम दगड मिळतात. ते फुकट मिळाले तरी घेऊ नका.

थर्मोस्टॅट खरंच लागतो? मी दिवा हाताने चालू-बंद करत जाईन.

लागतो. थर्मोस्टॅट म्हणजे ठरवलेलं तापमान राखायला हीटर आपोआप कमी-जास्त करणारं उपकरण. तुम्ही झोपणार, कामावर जाणार, विसरणार. एकवेळ पेटी लहान घ्या आणि नंतर मोठी करा, पण थर्मोस्टॅटशिवाय कुठलंही ऊब देणारं उपकरण जोडू नका.

दिव्याला मंद-तेज करणारा थर्मोस्टॅट लागतो. साधा चालू-बंद प्रकारचा लावला तर दिवा दिवसभर लुकलुकत राहतो आणि लवकर उडतो. सिरॅमिक हीटर आणि पॅनलला पल्स प्रकारचा (वीज थोडी-थोडी तोडून देणारा) बरा. मॅटला साधा चालू-बंद प्रकार पुरतो.

खरी गोम सेन्सरच्या वायरीत असते. ती वायर जिथे असेल, तिथलंच तापमान थर्मोस्टॅटला कळतं. सापाने ती ओढून थंड कोपऱ्यात नेली किंवा पाण्याच्या भांड्यात पाडली, तर थर्मोस्टॅटला वाटतं पेटी गार आहे, आणि तो हीटर पूर्ण ताकदीने चालवत राहतो. माझ्याकडे एकदा हे घडलं. सुदैवाने मी घरी होतो आणि साप थंड टोकाच्या लपणात जाऊन बसला होता. तेव्हापासून वायर स्क्रूच्या क्लिपने पक्की करतो, आणि हीटर मुद्दाम कमी वॅटचा घेतो, म्हणजे तो अखंड चालू राहिला तरी पेटी भट्टी होऊ नये.

तापमान कशाने मोजू?

काचेला चिकटवायचे गोल डायलचे थर्मामीटर काचेचं तापमान सांगतात, तेही ढोबळ. वायर असलेले दोन डिजिटल थर्मामीटर घ्या, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला. शेकण्याचा दगड किती तापला हे बघायला इन्फ्रारेड थर्मामीटर गन वापरा. थर्मोस्टॅटवरच्या आकड्यावर विसंबू नका, तो स्वतःचीच साक्ष देत असतो.

रात्री लाल किंवा निळा दिवा चालेल?

नाही. रात्री अंधारच हवा. बारा तास उजेड, बारा तास काळोख असा साधा टायमर लावा.

यूव्हीबी दिवा आवश्यक आहे का?

यूव्हीबी म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार. त्या दिव्याशिवाय पिढ्यान्पिढ्या बोआ जगले, वाढले, व्यायले आहेत. तेव्हा 'नसेल तर साप मरतो' असं कुणी म्हणालं तर ते खोटं. पण बोआ सकाळचं कोवळं ऊन घेतो, आणि मंद यूव्हीबी मिळाली तर त्याचा उपयोग करून घेतो. मी लावतो. सावलीतल्या प्राण्यांसाठी असलेली कमी ताकदीची नळी घ्या, पेटीच्या साधारण अर्ध्या भागावरच तिचा प्रकाश पडू द्या आणि कंपनीने सांगितलेल्या मुदतीत ती बदला. नळी पेटत राहते, पण तिच्यातली यूव्हीबी आधीच ओसरलेली असते. फिकट रंगाचे, विशेषतः पांढरे बोआ असतील तर आणखी जपून.

दमटपणा किती ठेवायचा?

६० ते ७० टक्के, आणि कात टाकायच्या दिवसांत ७० ते ८० टक्के. डोळ्यांवर दुधाळ-निळसर झाक आली, अंगाचा रंग मळकट झाला की कात जवळ आली असं समजा. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि मग कात निघते. ती पायमोज्यासारखी उलटी होऊन अखंड निघायला हवी. तुकडे पडत असतील तर पेटी कोरडी आहे. डोळ्यांवरची चकती राहिली तर चिमट्याने ओढू नका. दमटपणा वाढवा, पुढच्या कातेबरोबरही निघाली नाही तर प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या.

इथे लोक एक चूक हमखास करतात: दमट म्हणजे ओलंचिंब समजतात. रोज सकाळ-संध्याकाळ फवारा मारून अंथरूण चिखल करून ठेवलं की सापाच्या पोटावरचे खवले लाल पडतात, मग फोड येतात, मग कुजतात. हवा दमट हवी, वरचा थर मात्र हाताला कोरडा लागायला हवा. यासाठी फवाऱ्यापेक्षा कोपऱ्यांतून अंथरुणाच्या तळाशी थोडं पाणी ओतणं चांगलं. ते खालून हळूहळू वर उडत राहतं. शिवाय एका लपणात ओलसर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरून ठेवा. सापाला ओल हवी असेल तेव्हा तो तिथे जाईल.

झरोके पूर्ण बुजवू नका. कोंदट, गार आणि ओली पेटी म्हणजे श्वसनाच्या आजाराला आमंत्रण. तोंडाशी बुडबुडे, श्वास घेताना घरघर, मान वर करून तोंड उघडं ठेवणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका, डॉक्टर गाठा.

अंथरूण कशाचं घालू?

नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोकोपीट एकत्र करून तीन-चार इंचांचा थर. ओल धरतो, लवकर बुरशी येत नाही आणि सापाला त्यात तोंड खुपसता येतं. सायप्रस मल्चही (सायप्रसच्या लाकडाचा चुरा) चांगलं. अस्पेन लाकडाचा भुसा कोरडा असेपर्यंत ठीक, ओला झाला की बुरशी धरतो. देवदार आणि पाइनचा भुसा नको, त्यातल्या तेलांचा वास सापाच्या फुप्फुसांना बाधतो. वाळूही नको.

नव्या सापासाठी मात्र पहिले दोन-तीन महिने नुसता कागद घाला. कुरूप दिसतं, पण माइट्स (सापाचं रक्त पिणारे बारीक जीव) असतील तर पांढऱ्या कागदावर काळे ठिपके हलताना दिसतात आणि शीचा रंग-पोतही नीट कळतो.

किती लपणं लागतात?

किमान दोन, एक उबेत आणि एक गारव्यात. एकच असेल तर सापाला ऊब हवी की सुरक्षितता, यातलं एकच निवडावं लागतं आणि तो बहुधा सुरक्षितता निवडतो. मग तो थंड कोपऱ्यात उपाशी बसतो आणि आपण म्हणतो 'खातच नाही'. लपण घट्ट असावं, वेटोळं घातल्यावर त्याच्या पाठीला छत आणि कुशीला भिंत लागावी. महागडी गुहा नको. पुठ्ठ्याचं खोकं, तोंड कापलेला प्लॅस्टिकचा डबा, सालीचा अर्धगोल, काहीही चालतं. साप वाढतो तसं लपण बदलायला विसरू नका. अर्धा बोआ बाहेर लोंबत असला की आपल्याला गंमत वाटते, त्याला नाही.

फांद्या कशा बसवायच्या?

सापाच्या अंगाएवढ्या जाड, आणि स्क्रूने पेटीला पक्क्या. पूर्ण वाढलेला बोआ ६-७ किलोंचा असू शकतो, मोठी मादी त्याहून जड. नुसती टेकवलेली फांदी त्याच्यासकट खाली येईल. बाहेरून आणलेली फांदी घासून धुवा आणि पूर्ण वाळवा. चिकाच्या झाडाची नको. आडवा फळीसारखा कट्टा दिलात तर मोठे बोआ फांदीपेक्षा तोच पसंत करतात.

पाण्याचं भांडं?

जड आणि रुंद, सापाला आत बसता येईल एवढं. थंड बाजूला ठेवा. पाणी रोज बदला, कारण पाण्यात शी करण्याची बोआला खोड असते. साप दिवसेंदिवस पाण्यातच बसून असेल तर पेटी फार गरम, फार कोरडी, किंवा अंगावर माइट्स, या तिन्ही शक्यता तपासा.

वायरी आत चिकटपट्टीने लावल्या तर चालतील ना?

अजिबात नाही. सापाच्या पेटीत कुठलीही चिकटपट्टी नको. साप तिला चिकटतो, सुटायला पिळतो आणि खवले सोलून निघतात. असं झालंच तर ओढू नका, खाद्यतेल लावून पट्टी हळूहळू सैल करा.

खोलीत पेटी कुठे ठेवू?

थेट ऊन येणार नाही तिथे. खिडकीतल्या उन्हात काचेची पेटी अर्ध्या तासात जीवघेणी तापते. स्वयंपाकघर, धूर, उदबत्ती, डास मारायचे फवारे यांच्यापासून लांब. धाडधाड वाजणाऱ्या दाराशेजारी नको, स्पीकरच्या वरही नको. सापाला बाहेरचे कान नाहीत, पण हादरे त्याला पुरेपूर कळतात. जमिनीपेक्षा कमरेच्या उंचीवर ठेवलेली पेटी बरी, कारण पिल्लाला सतत वरून येणारी माणसं दिसत नाहीत.

वीज गेली तर?

दोन-तीन तासांनी काही बिघडत नाही. दार उघडू नका, पेटीवर जाड पांघरूण टाका, झरोका तेवढा मोकळा ठेवा. जास्त वेळ लागणार असेल आणि थंडी असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीच्या एका टोकाला ठेवा. नुकतं खाल्लेल्या सापाची जास्त काळजी घ्या. त्याच्या पोटातलं अन्न उबेशिवाय सडू लागतं.

बोआ पेटीतून पळतात का?

पळतात, आणि पहिल्या महिन्यात जास्त. डोकं शिरलं की पाठोपाठ अंग शिरतं. मोठा बोआ तर जोराने झाकणच उचलतो. वजनासाठी वर पुस्तकं ठेवणं म्हणजे कुलूप नव्हे. वायरींची भोकं, झरोके आणि काचांमधली फट, सगळं सापाच्या डोक्यापेक्षा अरुंद हवं. अरुबा आणि कोझुमेल या बेटांवर माणसाने आणलेले बोआ मोकळे होऊन कायमचे वसले आहेत आणि तिथल्या पक्ष्या-प्राण्यांवर ताव मारत आहेत. तेव्हा कुलूप नुसतं शेजाऱ्यांच्या समाधानासाठी नसतं.

एका पेटीत दोन बोआ ठेवू का? सोबत होईल.

बोआला सोबत नको असते. एकमेकांना बिलगून बसलेले दिसतात ते प्रेमाने नाही, शेकण्याची चांगली जागा एकच असते म्हणून. एक खातो, दुसरा ताणाखाली राहतो, आणि कोण ओकला, कुणाला जुलाब झाले हेही कळत नाही.

घरात आधीपासून साप असेल तर नव्याला किमान ९० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. चिमटे, भांडी वेगळी, आणि काम करताना जुन्याचं आधी, नव्याचं शेवटी. यामागे एक मोठं कारण आहे: आयबीडी, म्हणजे इन्क्लूजन बॉडी डिसीज. या रोगाशी निगडित विषाणू २०१२ साली ओळखला गेला. बोआमध्ये तो वर्षानुवर्षं लक्षण न दाखवता राहू शकतो आणि आईकडून पिल्लांतही जातो. अजगरांना तो झाला तर ते फार वेगाने खचतात. त्यावर औषध नाही. तपासणी करता येते, आणि ती करून घ्यावी. बोआ आणि अजगर एका खोलीतसुद्धा न ठेवणारे लोक अतिरेकी नाहीत.

आणल्यावर पहिले दिवस काय करायचं?

काही नाही. हेच बहुतेकांना जमत नाही. पेटीत सोडा, पाणी द्या आणि ७ ते १० दिवस हात लावू नका. मग पहिलं खाणं द्या. पहिल्या दोन-तीन वेळा त्याने नीट खाल्लं, पचवलं की हाताळायला सुरुवात करा. खाल्ल्यावर ४८ तास उचलू नका. पोटात फुगवटा दिसत असेल तर त्याहूनही जास्त थांबा.

खायला घालताना वेगळ्या डब्यात काढावं का? पेटीतच दिलं तर चावरा होतो म्हणतात.

पेटीतच द्या. भुकेल्या सापाला उचलून डब्यात टाकायचं आणि खाल्ल्यावर पोट भरलेल्याला पुन्हा उचलायचं, यातच चावा आणि ओकारी दोन्हीची सोय आहे. त्याऐवजी हाताळण्याआधी लांब आकडीने त्याच्या अंगाला हलका स्पर्श करायची सवय लावा. आकडी लागली म्हणजे आज जेवण नाही, हे तो शिकतो. बोआच्या ओठांवर अजगरासारखे खळगे दिसत नसले तरी तिथल्या खवल्यांना उष्णता जाणवते. उंदराचा वास असलेला उबदार हात त्याला उंदीरच वाटणार. शिकार मेलेली, गोठवलेली आणि नीट वितळवून कोमट केलेली द्या. जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी, जास्त नाही. लांब चिमट्याने.

सहा फुटांच्या वरच्या बोआला खायला घालताना किंवा बाहेर काढताना दुसरं मोठं माणूस घरात हवं. बोआ विषारी नाही, पण ताकदवान आहे.

साफसफाई किती दिवसांनी?

शी दिसली की लगेच, भोवतालच्या अंथरुणासकट. शीबरोबर खडूसारखा पांढरा भाग असतो, ते त्याचं मूत्र. पूर्ण अंथरूण साधारण दोन-तीन महिन्यांनी बदला आणि पेटी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या पातळ द्रावणाने पुसा. फिनेलसारखी जंतुनाशकं सापांसाठी विषारी असतात. आत काम केल्यावर हात साबणाने धुवा, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना साप आणि पेटी दोन्हींपासून लांब ठेवा. भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नका.

कागदपत्रांचं काय?

पेटीला हात लावण्याआधी आपल्याकडे बोआ पाळायला कायद्याने परवानगी आहे का, परवाना किंवा नोंदणी लागते का, हे बघा. बोआ हे 'साइट्स' या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि अर्जेंटिनाकडचा बोआ कन्स्ट्रिक्टर ऑक्सिडेंटॅलिस पहिल्या, अधिक कडक परिशिष्टात. साप कुठे जन्मला याचा कागद विकणाऱ्याकडून मागून घ्या. 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून साप घेऊ नका.

एवढी पेटी केली, आणि साप दिसतच नाही! रोज लपलेला असतो. काही चुकलं का?

दोन्ही टोकांचं तापमान बघा. बरोबर असेल तर काही चुकलेलं नाही. नवा बोआ दोन-तीन आठवडे असाच राहतो. लपण काढून घेऊ नका, तो जास्तच घाबरेल. पेटीची पुढची काच अर्धी कागदाने झाका आणि रात्री दिवे मालवल्यावर तास-दीड तासाने खोलीत हळूच या. बहुतेक वेळा आधी लपणाच्या तोंडाशी जीभ दिसते, मग नाक. तेव्हा टॉर्च मारू नका.